आठ मात्रांचा सूर

माझ्या डाव्या हाताला तीन बोटं नाहीत, हे पुण्याच्या ऋषिकेशला ठाऊक नव्हतं. ते त्याला कळू नये म्हणून मी जेवढा खटाटोप केला, तेवढा शाळेत केला असता तर आज मेडशीच्या स्टँडवर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत बसलो नसतो.

ऋषिकेश गाणी तयार करतो. जाहिरातींची, यूट्यूबवरच्या मालिकांची, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओची, सगळी. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नाही. जयंतीच्या कार्यक्रमात आमच्या गायन पार्टीमागे मी गिटार वाजवतोय असा एक व्हिडिओ त्याला दिसला आणि त्यानं फोन केला. "संघदीप सर," म्हणाला. आयुष्यात मला सर म्हणणारा तो पहिला माणूस, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. त्याची पहिली दोन गाणी मी बोटांनी वाजवली. पुढची सात वाजवली तेव्हा बोटं नव्हती.

ते कसं, हे सांगायला थोडं खोलात जावं लागेल. इलेक्ट्रिक गिटारची वायर थेट कॉम्प्युटरात घातली तर येणारा आवाज फार केविलवाणा असतो. नुसती किणकिण. बिनामिठाचं वरण. अँपमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून, गेला की त्याला अंग येतं. खरा अँप माझ्याकडे कधीच नव्हता. होता तो मॉडेलर, म्हणजे विटेएवढा डबा, आणि त्यात चाळीस-पन्नास अँपांचे आवाज भरलेले. त्यात एक सोय आहे. कोरा आवाज वेगळा साठवून ठेवता येतो, आणि महिन्यानं म्हणा, वर्षानं म्हणा, तोच आवाज कॉम्प्युटरातून परत डब्यात पाठवून पाहिजे त्या अँपमधून काढता येतो. याला रीॲम्पिंग म्हणतात. मी मागून फोडणी देणं म्हणतो. वाजवलेलं तेच राहतं, चव बदलते.

चार वर्षांचा माझा सगळा रियाझ कोरा साठवलेला होता. पुढं कामी येईल असा काही दूरचा विचार नव्हता. रेकॉर्डिंगचं बटण बंद करायचा कंटाळा, एवढंच. त्रेसष्ट तास भरले.

मग परवाच्या साली सोयाबीन काढायच्या वेळेस आमच्याच शेतात हडंब्यात हात गेला. हडंबा म्हणजे मळणीचं यंत्र. ओला पाला अडकला होता, तो मी ओढून काढत होतो. माझा मोठा भाऊ प्रसेनजित ट्रॅक्टरवर होता. त्याला वाटलं मी बाजूला झालो. त्यानं यंत्र सुरू केलं. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन गेली. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नशीब, अंगठा वाचला. सही करायला उजवा हात आहे आणि गिटारला नुसत्या डाव्या अंगठ्याचा काही उपयोग नाही, हे त्यांना सांगून काय फायदा होता.

उलट्या हातानं शीक, असं सांगणारे पुष्कळ भेटले. तार छेडायची प्लास्टिकची चकती, म्हणजे पिक, डाव्या अंगठा-करंगळीत धरून पाहिलं, ते दर वेळी खाली पडायचं. शेवटी चिडून मी गिटारच पलंगाखाली सरकवली.

त्या दिवसापासून दादाशी बोलणं बंद. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, माणूस निदान समोर तरी उभा राहतो. अंगण एकच, अंगणाच्या त्या बाजूला त्याचं बिऱ्हाड, या बाजूला माझी खोली. मधे सात-आठ पावलं. अठरा महिने ती ना त्यानं टाकली, ना मी. पिंकीवहिनी तेवढी दुपारी ताट झाकून आणायची, कालचं ताट घेऊन जायची. गाव चांगलं आहे, दुकानात दिवसभर माणसं असतात, आधार कार्ड, पीक विमा, जातीचा दाखला, चालूच असतं. पण दुकानातून खोलीत आलं की मला करमायचं नाही. सरळच सांगतो, फार एकटं वाटायचं. इतकं की फॉर्म भरून झाला तरी माणूस उठू नये म्हणून मी त्याला त्याच्या गावचं विचारत बसायचो. किन्हीराजा गावचा एक म्हातारा तर मला फारच मायाळू समजायला लागला होता.

अपघातानंतर चार महिन्यांनी ऋषिकेशचा मेसेज आला. "सर, एक छोटा पीस आहे. जमेल का?" नाही लिहायला बोट वर केलं आणि हो लिहिलं. कारण या जगात मला गिटारवाला समजणारा तो एकटाच माणूस उरला होता. गावानं तर मला आधीपासूनच भाषणाच्या मधल्या वेळात टुणटुण करणारा समजून ठेवलं होतं, आणि आता बिचारा.

मग मी त्रेसष्ट तास उघडले. हरभऱ्याच्या डाळीतून खडे वेचावेत तसा एकेक सूर वेचला. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला एक, गेल्या श्रावणातला एक, कुठल्याशा दुपारी चुकून लागलेला एक. जोडले, चिरा बुजवल्या, सगळे एका अँपमधून काढले. एकाच फोडणीत सगळे मुरले. ऋषिकेशला पत्ता लागला नाही. "कमाल टोन," त्यानं लिहिलं.

एकदा वापरलेला सूर परत वापरायचा नाही, हा माझा नियम. पण सात गाण्यांत साठा उतरत गेला. शिवाय वेचताना ते ऐकावं लागायचं. कोऱ्या आवाजात सगळं उघडं असतं. बोटं तारेवरून सरकली की बारीक चिर्र होतं, ते अँपमधून काढताना पुसता येतं, पण आधी कानावर पडतंच. माझीच बोटं सरकताना मला ऐकू यायची. कितीतरी वेळा मी तेवढाच तुकडा परत परत लावून बसलो आहे.

दहाव्या गाण्यात माझी गाडी अडली.

ऋषिकेशनं लिहिलं होतं, "शेवटी सगळी वाद्यं थांबतील. फक्त गिटार. एकच सूर, तार ताणून वर न्यायचा आणि आठ मात्रा धरायचा. संथ. मग सोडून द्यायचा. हे गाणं त्या एका सुरावर उभं आहे, सर."

एक सूर! मी हसलोच. त्रेसष्ट तासांत लाखभर सूर असतील. तीन दिवस शोधत होतो. दुकान अर्ध्या दिवसावर आणलं. नाही सापडला. तार ताणलेले सूर हजारो होते, पण एकही दोन मात्रांच्या पुढं गेलेला नव्हता. एक लागला की पुढचा, पुढचा लागला की त्याच्या पुढचा. चार वर्षं मी नुसता पळत होतो. कुणासाठी थांबलो नाही तो सुरासाठी काय थांबणार? दोन मात्रांचा सूर कॉम्प्युटरवर ओढून आठ मात्रांचा केला, तर तो ओल्या पापडासारखा झाला. करंगळीनं ताणून पाहिलं, तार जागची हलेना.

वाशिमला एक पोरगा चांगलं वाजवतो. पण त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत रिसोडपर्यंत बातमी.

चौथ्या दिवशी दुपारी पिंकीवहिनी ताट घेऊन आली तेव्हा गिटार माझ्या मांडीवर होती आणि मी करंगळीला शिव्या देत होतो.

"काय झालं, भाऊजी?"

मी सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. ती पदराला हात पुसून शेजारी बसली. "मी दाबून पाह्यतो न. सांगा कुठी दाबू." तिनं दाबलं. भाकरीचे चटके सहन करणारी बोटं, पण तार रुतली तशी तिनं हात झटकला. "अवं माय. हे तं कापते." दोनदा अजून पाहिलं. मग उठली. "मले नाही जमत. ह्यायले पाठोतो."

"वहिनी, राहू दे."

ती दारातूनच म्हणाली, "तुमी जेवून घ्या."

मी जेवलो नाही. थोड्या वेळानं दादा दारात येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत धुतलेले. त्याला खोलीत बोलावणं हे माझं काम होतं, ते मला सुचलं नाही. तोच वाकून आत आला आणि पलंगाच्या कडेला टेकला.

"काय करा लागते?" त्यानं गिटारकडं पाहत विचारलं.

"इथं तीन बोटं जवळजवळ ठेव. दाब. मी तार छेडली का वर ढकल. म्हणीन तिथं थांब. म्हणीन तवा सोड."

"बस?"

"बस."

त्यानं दाबलं, मी छेडलं, त्यानं ढकललं आणि तार ताडकन तुटली. नांगराचं हँडल धरायची ताकद त्या बिचाऱ्या तारेवर. तो घाबरून माझ्या हाताकडं बघायला लागला, माझा हात ठीक आहे ना म्हणून. नवी तार मला एका हातानं ओवता येईना, ती त्यानंच ओवली. मी सांगत गेलो, तो पिळत गेला. मला वाटलं होतं आपल्याला त्याचा राग येईल. खोटं कशाला बोलू, आलाही. त्याची दहाच्या दहा बोटं माझ्या गिटारवरून फिरत होती.

बाजूच्या दुर्गाबाईची पिठाची गिरणी चालू असली की तिच्या मोटरीची घरघर विजेच्या लाइनीतून गिटारमध्ये शिरते, म्हणून ती बंद व्हायची वाट पाहत आम्ही बसलो. दादा खोलीत इकडंतिकडं पाहत होता. मग म्हणाला, "बाहेर कुत्रं भुकून राह्यलं. ते नाही येईन त्याच्यात?"

"नाही. माइक नाही हा. तारेचं तेवढंच येते. भांडं पडलं तरी काई नाही."

"माणूस बोलला तं?"

"तरी नाही."

गिरणी थांबली. मी हेडफोन कानावर चढवले. तार कुठंवर ढकलायची ते त्याला कळत नव्हतं, म्हणून मी माझा डावा हात, म्हणजे जो काही आहे तो, त्याच्या मनगटावर ठेवला. सूर वर आला की मी दाबायचो, तो थांबायचा. पहिल्या पाच वेळा नाही जमलं. कधी तो पुढं गेला, कधी मी छेडायला चुकलो. एकदाही कंटाळला नाही. दादाचं तसंच आहे. विहिरीवरची मोटर बिघडली तर दिवसभर एका नटाशी झटेल.

सहाव्या वेळी सूर बरोबर जागी गेला. मी दाबलं, तो थांबला. एक, दोन, तीन, चार. मी मनात मोजत होतो. पाचव्या मात्रेला त्यानं तोंड उघडलं. माझ्याकडं पाहिलं नाही, तारेकडंच पाहत होता.

"मले वाटलं तू बाजूले झाला. मी वळून नाही पाह्यलं. माहीच चूक झाली. मले माफ कर, संघा."

त्याचं मनगट माझ्या हाताखाली थरथरलं, पण बोटं त्यानं सोडली नाहीत. सहा, सात, आठ.

"सोड," मी म्हणालो.

त्यानं सोडलं. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं तोंड करून उगाच फाइलीला नाव देत बसलो. तो उठला. मग "झालं न?" म्हणाला. मी मान हलवली. तो गेला. एवढी भित्री मान मी आयुष्यात दुसऱ्या कुणापुढं हलवली नसेल.

मग तो सूर ऐकला. बोललेला एक शब्द त्यात नव्हता, यायचं कारणच नाही. चार मात्रा दगडासारख्या स्थिर, आणि पाचवीपासून सूर हलत होता. डब्यातल्या सगळ्या अँपांमधून काढून पाहिला. जाड केला, पातळ केला, दुरून आल्यासारखा केला. बाकी सगळं बदललं, हलणं तेवढं बदललं नाही.

गाणं पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बाकी मस्त, सर. शेवटचा सूर पाचव्या मात्रेपासून हलतोय. तेवढा सरळ वाजवून पाठवा ना. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटंही लागणार नव्हती. कॉम्प्युटरवर सुराचा चढउतार रेघेनं दिसतो, ती वाकडी रेघ धरून सरळ ओढायची, बस. ऋषिकेशला काही कळलं नसतं, अकरावं गाणं आलं असतं, मी कुठूनतरी ओढूनताणून केलं असतं आणि सर राहिलो असतो. मी ती रेघ उघडली. माउस तिच्यावर नेला. नाही झालं माझ्यानं. बराच वेळ बसून शेवटी मी त्याला सगळं लिहिलं. बोटं, हडंबा, त्रेसष्ट तास, जोडलेली सात गाणी. शेवटी लिहिलं, हा सूर माझ्या भावानं दाबला आहे, हलतोय तो हलू द्या.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आलं. "ऐकून वाईट वाटलं. पण हे आधी सांगायला हवं होतं. सूर इकडेच सरळ करून घेतलाय. काळजी घ्या." खाली सर नव्हतं.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी दुकानात एकाचा फॉर्म मी तीनदा चुकवला.

महिन्याभरानं गाणं यूट्यूबवर आलं. मी एकदाच ऐकलं. शेवटी सगळी वाद्यं थांबली आणि सूर आला, पट्टीनं आखल्यासारखा. त्यात दादा नव्हता आणि मीही नव्हतो. आता यापुढं कुणी मला गाणं पाठवणार नव्हतं, ती गोष्ट संपली होती. मी खोलीत बसून राहिलो. समोर अंगण, पलीकडे त्याचं दार उघडं.

मी लॅपटॉप काखेत मारला, हेडफोन गळ्यात अडकवले आणि अंगण ओलांडलं. दादा लिंबाखाली फवारणीचा पंप उघडून बसला होता. मला पाहून उठायला लागला, मग परत बसला. मांडीवर त्याचा मोबाइल होता.

"हिनं गाणं लावून देल्लं," तो म्हणाला. "सकाळपासून किती खेपा ऐकलं. माहा सूर कोणता तेच समजून नाही राह्यलं. शेवटचाच हाये न?"

"त्याच्यात तुहा नाही. त्यायनं सरळ केला."

"चुकला होता का?"

मी शेजारी बसलो, हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले आणि कोरी फाइल लावली. फोडणी नाही, काही नाही, नुसती ती किणकिण. तो खाली मान घालून ऐकत होता. गुडघ्यावरची त्याची डाव्या हाताची बोटं आपोआप आवळली गेली. मग त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"हा माहा हाये," तो म्हणाला. "इथं हात हालला."

"हाव. तू बोलला तवा."

तो माझ्याकडं पाहतच राहिला. "तुले ऐकू आलं होतं?"

"आलं न."

"तुह्या कानावर हे होतं," त्यानं हेडफोनला हात लावला. "तू काई बोलला नाही. मले वाटलं, ऐकू नसन आलं. म्हटलं, आता परत कसं बोलाव."

महिनाभर हा माणूस अंगणापलीकडे हे घेऊन बसला होता. आणि मी इकडे एकट्यानं रडगाणं गात होतो, जणू एकटं राहण्याचा मक्ता मीच घेतला आहे.

"सगळं ऐकू आलं, दादा. एकएक शब्द."

"मंग बोलला काहून नाही?"

"मात्रा मोजून राह्यलो होतो," मी म्हणालो, आणि त्या उत्तराची मलाच लाज वाटली. "तवा माफ नव्हतं केलं. होतच नव्हतं. आता केलं."

त्यानं पंपाचं झाकण उचललं, फडक्यानं पुसलं आणि परत खाली ठेवलं. डोळे पुसायचे होते तेही त्याच फडक्यानं पुसले. मग हेडफोन कानावर नीट बसवला.

"परत लाव," तो म्हणाला.